झडपेच्या संसर्गावरील शस्त्रक्रियेनंतर: पहिल्या वर्षाचं नियोजन

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर नवी झडप व्यवस्थित काम करते आहे असं लिहून आलेलं असतं. छातीवरची जखम भरलेली असते, ताप उतरलेला असतो. तरीही आंघोळ करून आलं की अर्धा तास पडून राहावं लागतं, रात्री झोप लागत नाही, जेवण जात नाही. सगळं नीट असताना माणूस असा का, हे घरच्यांना कळत नाही. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग, म्हणजे एन्डोकार्डायटिस होऊन ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, अशा पुष्कळ घरांत हे होतं. याचा अर्थ काही बिघडलंय असाच नसतो. बऱ्याचदा चुकलेला असतो तो ‘सहा आठवड्यांत पूर्ववत होऊ’ हा हिशेब.

तो हिशेब येतो ठरवून केलेल्या झडपेच्या ऑपरेशनवरून. ज्याची झडप वर्षानुवर्षं हळूहळू आकसत गेली, तो माणूस तारीख घेऊन, तयारीनिशी दाखल होतो. एन्डोकार्डायटिसचा रुग्ण टेबलावर जातो तेव्हा त्याच्या अंगात अनेकदा कित्येक आठवड्यांचा ताप मुरलेला असतो. वजन घटलेलं, हिमोग्लोबिन उतरलेलं, स्नायू झिजलेले. काहींच्या झडपेवरच्या जंतूंच्या गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत, प्लीहेत किंवा मूत्रपिंडात अडकलेला असतो. त्यात छाती उघडून शस्त्रक्रिया, आणि मग आठवडेच्या आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. संसर्ग, ऑपरेशन आणि औषधं या तिन्हींतून शरीराला एकाच वेळी सावरायचं असतं. म्हणून माझा आग्रह आहे की नियोजन वर्षाचं करा.

पेनिसिलिन येण्यापूर्वी हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घ्यायचा. संसर्ग चालू असतानाच झडप बदलल्याची पहिली यशस्वी नोंद १९६५ सालची आहे. त्यामुळे ‘वाचला, हेच पुष्कळ’ असं म्हणायची सवय डॉक्टरांनाही होती. आता ती पुरत नाही. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी रुग्णाची मनःस्थिती, त्याचं पुनर्वसन आणि उपचारांच्या निर्णयातला त्याचा सहभाग यांना उपचारांचाच भाग मानलं आहे. हे मागणं तुमचा हक्क आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

घरी निघण्याआधी हे लिहून घ्या

डिस्चार्ज कार्डावर बरंच काही असतं, पण वर्षभर लागणारी माहिती त्यात हरवते. एका वेगळ्या कागदावर पुढच्या गोष्टी डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्याचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या एकाच्या फोनमध्ये ठेवा.

- रक्तात आणि काढलेल्या झडपेत कोणता जंतू सापडला
- कोणतं अँटिबायोटिक, किती डोस आणि शेवटचा दिवस कोणता
- कोणती झडप, दुरुस्त केली की बदलली. बदलली असल्यास मेकॅनिकल (कृत्रिम पदार्थांची) की टिश्यू (प्राण्याच्या ऊतींपासून केलेली), कंपनी आणि क्रमांक
- रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा) किती ते किती ठेवायचा
- घरी जातानाचं वजन, नाडी, बीपी
- शस्त्रक्रियेनंतरच्या इकोचा रिपोर्ट. पुढचे सगळे इको याच्याशी ताडून पाहायचे असतात
- रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा

अँटिबायोटिकच्या शेवटच्या तारखेवरून घरोघरी गोंधळ होतो. ठोकताळा असा आहे: काढलेल्या झडपेच्या कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू वाढला, तर पूर्ण कोर्स शस्त्रक्रियेच्या दिवसापासून नव्याने मोजतात. वाढला नाही, तर परिणामकारक अँटिबायोटिक ज्या दिवशी सुरू झालं तिथपासून मोजतात. दोन शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांच्या तारखा वेगळ्या असतात त्या यामुळेही.

जंतूचं नाव विचारण्यामागे कारण आहे. तो शरीरात कुठून शिरला हे त्यावरून बरंचसं कळतं. तोंडातले स्ट्रेप्टोकोकस असतील तर दात आणि हिरड्या तपासायच्या. स्टॅफिलोकोकस ऑरियस असेल तर त्वचेवरच्या जखमा, गळवं, डायलिसिसचा किंवा दुसरा कुठला कॅथेटर, म्हणजे शरीरात घातलेली नळी, हे तपासायचं. स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस निघाला तर मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी व्हायलाच हवी, कारण त्याचा आतड्यातल्या गाठींशी संबंध आहे. झडप बदलली पण जंतूची वाट तशीच उघडी राहिली, तर काम अर्धवट झालं. ‘हा जंतू आला कुठून, ते शोधलं का?’ हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

अँटिबायोटिकचे आठवडे

कोर्स साधारण ४ ते ६ आठवड्यांचा असतो. संसर्ग कृत्रिम झडपेलाच झाला असेल तर किमान ६. काही जण तो पूर्ण होईपर्यंत दवाखान्यातच राहतात, काहींना दंडात पिक लाइन (औषधासाठी शिरेत ठेवलेली लांब, बारीक नळी) घालून घरी पाठवतात. डेन्मार्कमध्ये ४०० रुग्णांवर झालेल्या ‘पोएट’ या चाचणीने २०१८ मध्ये दाखवलं की हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपांचा संसर्ग असलेल्या, प्रकृती स्थिर झालेल्या रुग्णांना शिरेतून किमान १० दिवस औषध दिल्यावर निवडक गोळ्यांवर आणलं, तरी निकाल कमी पडत नाही. हा पर्याय सगळ्यांना लागू नाही, पण विचारून पाहायला हरकत नाही.

पिक लाइन असेल तर तिचा भाग ओला होऊ देऊ नका. लालसरपणा, हात सुजणं, किंवा लाइनमधून औषध गेल्यावर हुडहुडी भरणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी कळवा. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर कानात गुणगुण, ऐकू कमी येणं, चालताना झोक जाणं हे ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देऊ नका. हे औषध कानाला आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतं. दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पातळ शौचाला होत असेल तर जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनाने घेऊ नका. दीर्घ अँटिबायोटिकमुळे आतड्यात वेगळाच संसर्ग होऊ शकतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

छातीचं हाड आणि चालणं

मधोमध कापलेलं छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं. ते जुळायला ६ ते ८ आठवडे आणि भक्कम व्हायला साधारण ३ महिने लागतात. तोवर ४-५ किलोंपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही, जड दार ओढायचं नाही, हातांवर भार देऊन उठायचं नाही.

पलंगावरून उठण्याची रीत मुद्दाम शिकून घ्या, कारण बहुतेक जण इथेच छातीला झटका देतात. आधी गुडघे वाकवा. मग खांदे आणि कंबर एकदमच वळवून पूर्ण कुशीवर या. पाय पलंगाखाली सोडा. पायांच्या वजनाने धड आपोआप वर येतं, कोपराचा आधार फक्त तोल सांभाळण्यापुरता. काठावर बसून थोडा वेळ थांबा, चक्कर येत नाही ना ते बघा, मग पायांच्या जोरावर उभे राहा. खोकला किंवा शिंक आली तर उशी किंवा घडी केलेला टॉवेल छातीशी घट्ट धरा. हाड ‘कट-कट’ हलल्यासारखं वाटलं किंवा जखमेतून पू आला तर थांबू नका, दाखवा.

चालायला घरातल्या घरात ५ मिनिटांपासून सुरुवात करा, दिवसातून तीन-चार वेळा. दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवा. वेग ठरवायचा एकच निकष: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता बोलता श्वासासाठी थांबावं लागलं तर वेग जास्त झाला. आज चालून आल्यावर उद्या दिवसभर अंथरूण सोडवलं नाही, तर पुढचं अंतर कमी करा, पण चालणं बंद करू नका. मी हे ठासून सांगते, कारण थकव्याला घाबरून महिनाभर पडून राहिलेला माणूस आणखी थकतो.

साधारण ४ ते ६ आठवड्यांनी, डॉक्टरांच्या संमतीने, हृदयरुग्णांच्या पुनर्वसन कार्यक्रमात जा. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोन-तीन वेळा, काही आठवडे. जवळपास अशी सोय नसेल तर निदान एकदा फिजिओथेरपिस्टकडून घरी करायचा तक्ता लिहून घ्या. झिजलेले स्नायू परत यायला चालण्याबरोबर प्रथिनंही लागतात. भूक नसेल तर थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खा. मूत्रपिंडाला इजा झालेली असेल तर प्रथिनांचं प्रमाण आधी विचारून घ्या.

रोज सकाळी लघवी करून आल्यावर, खाण्याआधी वजन करा. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं, पाय सुजले, उशा वाढवल्याशिवाय झोप येईना, तर ते अंगात पाणी साठण्याचं लक्षण आहे. छातीत अनियमित धडधड, किंवा श्वास आत घेताना टोचणारं दुखणं आणि सोबत बारीक ताप, या दोन्ही गोष्टी पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांना होतात. दोन्हींवर उपचार आहेत, म्हणून कळवायचं.

ताप आला तर

हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: आधी ब्लड कल्चर, मग अँटिबायोटिक.

कारण सरळ आहे. अँटिबायोटिकचे दोन-चार डोस पोटात गेले की रक्तातला जंतू प्रयोगशाळेत बऱ्याचदा वाढत नाही. ताप उतरतो, माणूस निर्धास्त होतो, आणि झडपेवर उरलेला जंतू आठवड्यांनी पुन्हा डोकं वर काढतो. तोवर नव्या झडपेचं नुकसान झालेलं असतं आणि जंतू कोणता हेही कळत नाही. एन्डोकार्डायटिस एकदा होऊन गेलेल्यांत तो पुन्हा होण्याचं प्रमाण शंभरात साधारण २ ते ९ आहे. पहिल्या ६ महिन्यांत तोच जंतू परत आला तर जुना संसर्ग उलटला असं मानतात. वेगळा जंतू आला किंवा त्यानंतर झाला तर नवा संसर्ग. पहिलं वर्ष जास्त सावध राहायचं ते यासाठी.

थर्मामीटर घरात हवाच. १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, हुडहुडी, रात्री कपडे भिजतील एवढा घाम, कारणाशिवाय उतरणारं वजन, यांपैकी काहीही झालं की त्याच दिवशी संपर्क करा. सर्दी-खोकल्याबरोबर आलेला ताप बहुधा विषाणूचाच असतो, तरी फोन करून सांगा. आणि समोर नवा डॉक्टर असेल तर पहिली दोन वाक्यं ही बोला: ‘माझ्या हृदयाच्या झडपेला आधी संसर्ग झाला होता आणि तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. अँटिबायोटिक देण्याआधी ब्लड कल्चर घ्या.’ वेगवेगळ्या शिरांतून तीन वेळा रक्त घेणं ही रूढ पद्धत आहे. रुग्ण ग्लानीत असेल, बीपी पडलेलं असेल, तर मात्र कल्चरचं रक्त काढून लगेच औषध सुरू करतात. रिपोर्टची वाट पाहत नाहीत.

घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आजच टाकून द्या. ‘मागच्या वेळी याने बरं वाटलं होतं’ या वाक्याने या आजारात फार नुकसान केलं आहे.

दात आणि त्वचा

एन्डोकार्डायटिस होऊन गेलेला प्रत्येक जण आयुष्यभर जास्त धोक्याच्या गटात राहतो, मग झडप बदललेली असो वा दुरुस्त केलेली. म्हणून दात काढणं, हिरड्यांखालची सफाई, हिरडीला छेद जाणारं कुठलंही काम करण्याआधी ३० ते ६० मिनिटं अँटिबायोटिकचा एकच डोस घ्यायचा असतो. मोठ्यांसाठी सहसा अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर पर्याय आहेत. मात्र अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ पासून यासाठी क्लिंडामायसिनची शिफारस बंद केली आहे. दातांचा एक्स-रे किंवा निरोगी हिरडीत भुलीचं इंजेक्शन यासाठी डोस लागत नाही.

पण वर्षातून एखाद्या वेळी घेतलेल्या डोसपेक्षा रोजचं ब्रश करणं जास्त मोलाचं आहे. हिरड्या सुजलेल्या असतील तर साधं चावतानाही जंतू रक्तात जातात, आणि ते दिवसातून अनेकदा घडतं. मऊ ब्रशने दोनदा दात घासा, दातांच्या फटी साफ करा, दर सहा महिन्यांनी दंतवैद्याला दाखवा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना हिरड्यांतून रक्त आलं की लोक घासणंच सोडतात. त्याने हिरड्या आणखी बिघडतात. अशा वेळी दंतवैद्याला दाखवा आणि आयएनआर तपासा.

टॅटू आणि अंग टोचून घेणं टाळा. गळू फोडू नका, पायाच्या भेगा आणि नखांच्या कडेच्या जखमा स्वच्छ ठेवा. आणि पुढे कधी दाखल व्हावं लागलं तर शिरेतली सुई गरज संपताच काढायला सांगा.

रक्त पातळ करणारी गोळी

मेकॅनिकल झडप असेल तर वॉर्फरिन किंवा त्याच जातीची गोळी आयुष्यभर. महाधमनीच्या झडपेसाठी आयएनआर सहसा २ ते ३, मायट्रलसाठी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेसाठी) २.५ ते ३.५, तुमचा आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील. आयएनआर तपासावा न लागणाऱ्या नव्या गोळ्या मेकॅनिकल झडपेला चालत नाहीत: डॅबिगाट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती. टिश्यू झडपेत ही गोळी बहुधा पहिल्या ३ ते ६ महिन्यांपुरती असते.

एन्डोकार्डायटिसच्या रुग्णांसाठी एक खास धोका सांगायला हवा. स्टॅफिलोकोकसच्या संसर्गात कृत्रिम झडप असेल तर रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक देतात. त्याने वॉर्फरिनचा असर फार घटतो, म्हणून वॉर्फरिनचा डोस वाढवला जातो. पुढे रिफॅम्पिसिन बंद होतं, वाढवलेला डोस तसाच राहतो, आणि दोन-तीन आठवड्यांत आयएनआर धोकादायक चढतो. ते औषध थांबेल त्या आठवड्यापासून आयएनआर लवकर लवकर तपासा. याउलट मेट्रोनिडाझोल, कोट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनाझोल ही जंतू-बुरशीवरची औषधं सुरू झाल्यावर आयएनआर वाढतो.

हिरव्या पालेभाज्या बंद करायची गरज नाही. दर आठवड्याला साधारण तेवढ्याच खा. विसरलेला डोस त्याच दिवशी आठवला तर घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. दुखण्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जा. मेकॅनिकल झडपेचा टिकटिक आवाज शांत खोलीत ऐकू येतो, आणि पहिल्या महिन्यांत तो झोप उडवतो. खोलीत पंख्याचा किंवा हलक्या संगीताचा आवाज ठेवला की बऱ्याच जणांना झोप लागते.

मन

या आजारात मनाकडे सर्वांत उशिरा लक्ष जातं. आयसीयूतली भयाण स्वप्नं, अंग जरा गरम वाटलं की उडणारा थरकाप, छातीवर हात ठेवून सतत ठोके बघणं, उगाच डोळे भरून येणं, माणसांत बसायला नको वाटणं. घरचे ‘सकारात्मक राहा’ म्हणतात आणि रुग्ण बोलणंच थांबवतो. नावं विसरणं, वाचताना ओळ सुटणं हेही मोठ्या शस्त्रक्रियेनंतर होतं आणि बहुतेकांत काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतं. मेंदूत गुठळी गेलेली असेल तर मात्र त्यासाठी स्वतंत्र न्यूरो-पुनर्वसन हवं.

व्यायामाने मनही आपोआप ताळ्यावर येईल, असं समजू नका. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर पुनर्वसनाची डेन्मार्कमध्ये ‘कोपनहार्ट-व्हीआर’ नावाची चाचणी झाली. त्यात रुग्णांची शारीरिक क्षमता वाढली, पण मानसिक आरोग्यात तसा फरक पडला नाही. म्हणून मनाची तपासणी वेगळी मागा. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची साधी चाचणी आहे. तिच्यात १० किंवा जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायला हवं. पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याच्या भेटीत ती भरून न्या. नैराश्याची गोळी सुरू करायची झाली तर वॉर्फरिन चालू असल्याचं सांगा. काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सांभाळणाऱ्यालाही थकवा येतो. रात्रीची जबाबदारी एकाच माणसावर महिनोन्‌महिने ठेवू नका. आणि रुग्णाला ‘कसं वाटतंय?’ एवढंच विचारू नका. ‘काल रात्री कितीला झोप लागली?’, ‘कशाची भीती वाटली?’ असं विचारलं की माणूस बोलतो.

काही जणांत हा आजार नशेच्या सुईतून आलेला असतो. त्यांना व्यसनावरचे उपचार शस्त्रक्रियेइतकेच गरजेचे आहेत, आणि ते दाखल असतानाच सुरू व्हावेत. ओपिऑइडच्या (अफूच्या जातीच्या पदार्थांच्या) व्यसनासाठी मेथाडोन, बुप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत. उपदेशाने आणि दोषारोपाने माणूस तपासणीलाच येईनासा होतो, आणि नवी झडप पुन्हा संसर्गात जाते.

काम, गाडी, शरीरसंबंध

टेबलावरचं काम बऱ्याच जणांना तिसऱ्या महिन्याच्या आसपास जमतं, तेही आधी अर्धवेळ. अंगमेहनतीचं काम ३ ते ६ महिन्यांनंतर, डॉक्टरांशी बोलून. गाडी चालवायला साधारण ६ ते ८ आठवडे थांबा. झटके आले असतील किंवा मेंदूवर परिणाम झाला असेल तर जास्त. दोन मजले न थांबता चढता आले की शरीरसंबंधाला हरकत नसते, फक्त छातीवर भार नको. मूल हवं असेल आणि वॉर्फरिन चालू असेल तर दिवस जाण्याआधी डॉक्टरांना भेटा. या गोळीने गर्भाला इजा होऊ शकते आणि ती आपल्या मनाने बंद केली तर झडपेत गुठळी होते.

तपासण्यांचं वेळापत्रक

पहिल्या वर्षी साधारण १, ३, ६ आणि १२ महिन्यांनी भेट: तपासणी, रक्तात सीआरपी (संसर्ग किंवा दाह असल्यास वाढणारा घटक) आणि हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाची तपासणी, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा इको. प्रत्येक भेटीला वजनाची वही, आयएनआरचे आकडे आणि तो पहिला कागद बरोबर न्या. वर्षानंतर भेटी विरळ होतात, पण बंद होत नाहीत. टिश्यू झडप साधारण १० ते १५ वर्षांनी झिजते, तरुणांत लवकर. त्यामुळे नव्याने दम लागायला लागला, तर वर्षाच्या तपासणीची वाट न पाहता इको करून घ्या.